कॅसेट क्रमांक चौदाचा कान

मृत्युपत्र

मी, चंद्रकांता अंकुश चुरी, वय वर्षे बहात्तर, पूर्वी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळाप्रमुख, आता निवृत्त, राहणार माहीम, तालुका व जिल्हा पालघर, आज सोमवार दिनांक ३ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळचा चहा घेऊन, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, हे लिहायला बसले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉ. सुजित यांचा दाखला सोबत टाचला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि त्यांनाही तेच करून दाखवायला सांगितले. ते एकोणऐंशीवर अडखळले. तरी दाखला वैध आहे.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

पद्धतीबद्दल आधीच सांगते. प्रयोगशाळेच्या वहीत चुकलेला आकडा पुसत नाहीत. त्यावर पांढरी शाई लावत नाहीत आणि पानही फाडत नाहीत. एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. चूक दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही दिसली पाहिजे. हे मृत्युपत्र मी त्याच पद्धतीने लिहिणार आहे. वकील म्हणाले, "बाई, शेवटी स्वच्छ प्रत काढा." काढणार नाही.

कलम १. माहीम येथील राहते घर, मागची वाडी, नऊ नारळ, चार चिकू आणि पानवेलीचा उरलासुरला मांडव हे सर्व माझ्या दिराची मुलगी कीर्ती हिला द्यावे. आम्हाला मूल नव्हते. कीर्ती पालघरला शाळेत गणित शिकवते आणि बरोबर शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. विहिरीशेजारचा चिकू वाकडा असला तरी तोडू नये. त्याला माझ्यापेक्षा जास्त फळ येते.

कलम २. बँकेतील ठेवी. ज्या ठेवीवर जिचे नाव लावले आहे, ती ठेव तिची. आकडे येथे लिहीत नाही. आकडे वाचले की माणसे पुढचे वाचत नाहीत.

कलम ३. पन्नास माणसांच्या भाताचे पितळी पातेले महिला मंडळाला द्यावे. त्याचे झाकण तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीपासून मंडळाकडेच आहे. ते त्यांनी स्वतःच स्वतःला द्यावे.

कलम ४. कॅसेट डेक. हे कलम सावकाश वाचावे.

माडीवर पूर्वेच्या भिंतीला जपानी बनावटीचा, तीन हेडचा कॅसेट डेक आहे. १९८४ साली बोईसरच्या वसाहतीतून बदली होऊन जाणाऱ्या एका इंजिनिअरकडून मी तो घेतला. त्याने मला विचारले होते, "मिस्टरांना आणलं नाही का? हे जरा टेक्निकल आहे." मी त्याच्यासमोर झाकण उघडून हेडवरचा मळ दाखवला. त्याने किंमत कमी केली.

हा डेक सपना नवशा हिला द्यावा. सपना ही झिपरू आणि पारू यांची नात. झिपरू माझ्या प्रयोगशाळेत अठरा वर्षे काचसामान धूत होता. त्याने धुतलेल्या बाटलीवर मी कधी डाग पाहिला नाही. त्यांचा पाडा वाणगावच्या पूर्वेला. सपना बोईसरला पॅकिंग खात्यात सुपरवायझर आहे आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. या घरात माझ्याखेरीज डेकला हात लावण्याची परवानगी फक्त तिला आहे. ती परीक्षा देऊन मिळवलेली आहे.

तिला सर्व माहीत आहे, तरी लिहून ठेवते. दर दहा तास वाजवल्यावर हेड आणि रबरी रोलर कापसाच्या बोळ्याने पुसावेत. हेडला स्पिरिट, रोलरला साबणाचे पाणी. बोळा पिवळा निघत असेल तोवर थांबू नये. आवाजाची पातळी दाखवणारा काटा लाल पट्टीत क्षणभर गेला तर चालेल, तिथे राहू देऊ नये. कॅसेटच्या लोखंडी पेटीतली सिलिका जेलची पुडी निळ्याची गुलाबी झाली की तव्यावर मंद भाजावी. समुद्र पाव मैलावर आहे, तो सगळीकडे शिरतो. मोटरीचा रबरी पट्टा सैल झाला तर आवाज म्हातारा होतो. नवा पट्टा टेबलाच्या डाव्या खणात आहे. सैल रीळ पेन्सिल घालून फिरवावे. बोट घालू नये.

कीर्ती म्हणते, "काकू, सगळं मोबाइलमध्ये घेऊन टाकू." घ्यावे. माझी हरकत नाही, पण मूळ कॅसेट टाकायची नाही. मोबाइल ती तीन वर्षांत बदलते. हा डेक एकेचाळीस वर्षे आहे.

कलम ५. कॅसेट एकूण ६१. कॅसेटवर फक्त क्रमांक असतो. मजकूर, तारीख आणि माइक कुठे ठेवला होता ते वहीत. माझ्या सासूबाई गोजराबाई कावळ्यांना शिव्या देतात ती क्रमांक ३. दातिवऱ्याचा मासळीचा लिलाव क्रमांक ९. त्यात एक बाई एका पापलेटवरून दुसरीचा सात पिढ्यांचा हिशेब काढते, म्हणून लहान मुलांसमोर वाजवू नये. कारखान्याचा भोंगा क्रमांक ११. माझ्या नवऱ्याचा आवाज कोणत्याही कॅसेटवर नाही. लाल दिवा लागला की अंकुश खोलीतून उठून जात असे. "माझा आवाज फुटक्या घागरीसारखा हाय, त्यो पेटीत कशाला?" हे वाक्य मला पाठ आहे, पण पाठ असणे आणि ऐकणे यात फरक आहे. तो २००९ साली गेला.

पारू ही धवलेरी होती. धवलेरी म्हणजे वारली लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. १९८९च्या मे महिन्यात तिच्या मुलाचे, नवशाचे, लग्न होते. ती गाणी लग्नाशिवाय म्हणायची नाहीत हा पारूचा कायदा, म्हणून डेकच लग्नाला न्यावा लागला. पाड्यावर वीज नव्हती. टेम्पोतून डेक नेला, जनरेटर पेंढ्याच्या उडवीमागे दोनशे फुटांवर ठेवला, मधे केबल टाकली. माझ्या ओळखीची नऊवारीतली एक बाई त्या केबलवर बसून होती, तिला उठवायला अर्धा तास गेला.

पारूने माइककडे पाहिले.

"बाय, ही तुजी पेटी आयकते का झोपली हाय?"

"ऐकते आहे."

"मंग तिला सांग, मधी बोलू नको."

ती कॅसेट क्रमांक १४. रेकॉर्डिंग संपताच मी तिचा कान मोडला. कॅसेटच्या पाठीच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात, त्यांना आम्ही कान म्हणतो. कान मोडला की डेकचे रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नाही, म्हणजे त्या बाजूवर कोणाला दुसरे काही भरता येत नाही. मोडलेल्या कानाच्या खाचेवर कोणी पट्टी चिकटवली, तर मात्र बटण पुन्हा दाबले जाते. पुढच्या कलमासाठी हे लक्षात ठेवावे.

वारली गाण्यांच्या सर्व कॅसेट डेकबरोबर सपनाकडे जाव्यात. त्या तिच्या घरच्याच आहेत. आजी २०११ साली गेल्यावर सपना त्या ऐकून गाणी शिकली. हेडफोन लावून, ओठ हलवत, आवाज न काढता. आजीचा कायदा तिने मोडला नाही. आज त्या चार पाड्यांत लग्न लावायला तिला बोलावतात.

कलम ६. माझा दीर, कीर्तीचा बाप, शांताराम गोविंद चुरी, राहणार शेजारचे घर, यास माझ्या मालमत्तेतील काहीही देऊ नये. डेकला हात लावू देऊ नये. माझ्या पश्चात माडीचा जिना चढू देऊ नये.

कारण. जानेवारी १९९२मध्ये मी ड्यूटीवर असताना या गृहस्थाने कॅसेट १४च्या मोडलेल्या कानावर पट्टी लावली आणि समोरच्या मैदानावर चाललेल्या माहीम विरुद्ध दातिवरे या सामन्याचे समालोचन माडीच्या खिडकीतून स्वतःच्या आवाजात तीवर भरले. पुढच्या आठवड्यात मी कॅसेट लावली. पारूऐवजी आवाज आला, "नमस्कार श्रोतेहो! हवामान स्वच्छ हाय, चेंडू लाल हाय!" मी तिथेच बंद केली. खोक्यावर लाल शाईने 'बिघडलेली' लिहिले आणि पेटीच्या तळाशी टाकली. त्या दिवसापासून मी शांतारामशी बोललेले नाही. निरोप असेल तर कीर्तीमार्फत.

नवरा म्हणाला, "पट्टी तुझीच हाय, सही बघ." मी म्हणाले, भावाला पाठीशी घालू नकोस. त्याने हे तीनदा सांगितले. नंतर सोडून दिले. पारूला सांगितले तेव्हा ती पोट धरून हसली. "मी मेली काय? लगीन येल तवा परत गाईन." १९९४ साली मुलीच्या लग्नात तिने खरोखर पुन्हा गाऊन दिले, ती क्रमांक २३. म्हणजे नुकसान भरून निघाले. पण प्रश्न नुकसानीचा नव्हता, परवानगीचा होता.

शांतारामची तेव्हापासून एक खोड आहे. तो माझ्याशी बोलत नाही, पण त्याच्या ओट्यावरून मोठ्याने समालोचन करतो. "आणि श्रोतेहो, वहिनी नारळ वेचायला उतरल्यात! पहिला नारळ, दुसरा नारळ, तिसरा सुटला!" तेहतीस वर्षे. मी खिडकी लावून घेते.

दि. ९ नोव्हेंबर २०२५, रविवार.

कलम ७. मृत्युपत्राला यादी जोडायची, तर प्रत्येक वस्तू चालू स्थितीत आहे का हे तपासले पाहिजे. म्हणून गेले पाच दिवस सर्व कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहिल्या. न ऐकता यादीत लिहिणे मला जमत नाही. आज सकाळी पेटीच्या तळाशी १४ राहिली होती. यादीत आहे, म्हणजे तपासायची. लावली.

समालोचन भिकार आहे. पंधराव्या मिनिटाला पाण्याची सुट्टी होते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि पुढील संभाषण ऐकू येते. जसेच्या तसे उतरवते.

शांताराम: दादा, ही वहिनीची कॅसेट नाय ना रे? वहिनी मला नारळाला बांधंल.

अंकुश: कानावर पट्टी हाय.

शांताराम: कोणी लावली?

अंकुश: तिनंच. सही हाय, तारीख हाय. तिच्या सहीबिगर या घरात पट्टी लागते काय? म्हंजे परत भरायला काढलीय ती. बोल तू.

शांताराम: इचारूया ना तिला.

अंकुश: ती येल सहाला. तवर दातिवरेवाले जिंकून घरी जाऊन जेवतील. बोल. आणि धावा सत्तावीस हायत, अठ्ठावीस नाय.

शांताराम: अठ्ठावीस!

अंकुश: सत्तावीस! शेजारच्या म्हशीनं आडवलेली धाव तू धरलीस.

आणि मग माझा नवरा हसतो. त्याचे हसणे शेवटी उचकीसारखे वर जायचे. तसेच आहे. काटा लाल पट्टीत जाऊन येतो.

एकच जागा लागोपाठ वाजवली तर टेप झिजते, म्हणून तसे करू नये असा माझा नियम आहे. आज सकाळी मी ती जागा अकरा वेळा वाजवली.

त्यानंतर कॅसेट बाहेर काढून पट्टी भिंगाखाली धरली. प्रयोगशाळेत बाटल्यांना लावायची पांढरी कापडी पट्टी. तीवर निळ्या शाईत 'चं. चु.' आणि लग्नाच्या दिवसाची तारीख. अक्षर माझे. वही काढली. १४ समोर माझ्याच हाताने लिहिले आहे, 'शेवटचे एक गाणे नंतर घेतले.' म्हणजे कान मोडून झाल्यावर पारूला आणखी एक गाणे आठवले असणार, मी पट्टी लावून ते घेतले असणार आणि पट्टी काढायची विसरले असणार. मला यातले काहीही आठवत नाही. पण पुरावा आहे, आणि पुराव्यापुढे माझ्या आठवणीला किंमत नाही.

शांतारामला दोष देता येत नाही. कॅसेटवर नुसता क्रमांक, ही पद्धतही माझीच.

कलम ८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. त्यात चूक कबूल केली, तर समोरच्याचे उत्तर ऐकायला आपण नसतो. मला ते पळ काढल्यासारखे वाटले. म्हणून आजच, दुपारी साडेअकराला, कॅसेट घेऊन खाली उतरले. दोन घरांमधल्या कुंपणाचे फाटक गंजून धरले होते. डेकच्या मोटरीला घालायचे तेल त्याच्या बिजागरीला घातले.

शांताराम ओट्यावर चष्मा पुसत बसला होता. तो आता एकोणसत्तर वर्षांचा आहे. त्याने चष्मा लावला, मला पाहिले आणि जागेवरून सुरू झाला.

"आणि श्रोतेहो, फाटक हाललं! तेहतीस वर्षांत पहिल्यांदा फाटक..."

"भाऊजी, गप्प बसा. मला बोलायचं आहे."

त्याचे तोंड उघडेच राहिले.

"पट्टी माझी होती. चूक माझी होती. तुमचा दोष नव्हता."

"माहीत हाय वहिनी."

"माहीत होतं तर सांगितलं का नाही?"

"कोणाला? तुमी खिडकी लावून घेत होता. कीर्तीबरोबर धाडायचा निरोप हाय काय ह्यो?" मग म्हणाला, "मला वाटलं, पट्टीचं निमित्त हाय. तुमाला माझी कॉमेंट्रीच आवडली नाय."

"कॉमेंट्री भिकार आहे. धावा चुकवल्यात."

"अठ्ठावीसच होत्या."

"वर या," मी म्हणाले. "तुमचा भाऊ काय म्हणतो ते ऐका."

तो जिना चढला. कलम ६ तेव्हा अमलात आले नव्हते, त्यामुळे उल्लंघन झाले नाही. मी पंधराव्या मिनिटावर कॅसेट लावली. अंकुशचा आवाज आला तसा तो उभा राहिला. हसण्याच्या जागी तोही हसू लागला आणि त्याच उचकीवर संपला. मला आजवर कळले नव्हते की दोघे भाऊ सारखे हसतात. कळणार कसे? तेहतीस वर्षे मी याला हसवलेच नव्हते.

"दादा सापडला, वहिनी," तो म्हणाला. "परत लावा."

तेराव्यांदा लावली.

सपना दुपारी आली. समालोचन बाविसाव्या मिनिटाला संपते, कारण दातिवरे जिंकते. पुढे दोन मिनिटे नुसती खरखर आहे आणि मग पारू. शेवटचे घेतलेले गाणे पुसले गेलेच नव्हते. मी कधी तिथवर ऐकलेच नव्हते, आज सकाळीही नाही. सपनाने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"बाई, ही आजी हाय. ह्या गाणा मला येत नाय. तेवीसमधी नाय ह्या गाणा!"

"मग शीक."

"माघात आमच्या पाड्यावर लगीन हाय," ती म्हणाली. तिचे ओठ हलायला लागले होते.

कलम ९. दुरुस्ती. कलम ६ वर आडवी रेघ मारली आहे. ते रद्द. चं. चु., ९/११/२०२५. रेघेखालचे वाचता येते आणि ते तसेच राहावे.

डेकचा निम्मा वाटा शांतारामला द्यावा असे मी ठरवले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही न करणे बरे. शांतारामला विचारले, डेक पाहिजे की सही? तो म्हणाला, "मेल्यावरचं काय नको मला. जितेपणी रविवारी चहा द्या आणि एक ओव्हर आयकवा." म्हणून त्यास या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. मात्र कॅसेट १४ केव्हाही ऐकण्याची मुभा त्यास राहील. माझ्या पश्चात डेक वाणगावला गेला, तरी सपनाने त्याला बोलावून, समोर बसवून ऐकवावी. ऐकणे ही मालमत्ता नाही असे वकिलांनी सांगितले आहे, त्यामुळे ते साक्षीदारालाही चालते.

कॅसेट १४वरची पट्टी मी आज स्वतः काढली आणि वहीत १४च्या पानावर चिकटवली आहे. खोक्यावरच्या 'बिघडलेली' या शब्दावर रेघ मारून शेजारी 'पारू व अंकुश' असे लिहिले आहे.

दि. १६ नोव्हेंबर २०२५, रविवार.

कलम १०. आज सही. सपनाने नवी कॅसेट लावली आहे, क्रमांक ६२. माइक टेबलाच्या मध्यावर, खाली घडी घातलेला टॉवेल. हे लिहीत असताना काय चालले आहे तेही नोंदवते, कारण त्याशिवाय मला सही करू दिली जात नाही.

"आणि श्रोतेहो, वहिनींनी पेन उघडलं! शाई निळी हाय! डॉक्टर लाँग-ऑनला उभे हायत..."

"भाऊजी, साक्षीदाराने बघायचं असतं. बोलायचं नसतं."

"बघतोय ना, म्हणून तर सांगतोय!"

डॉक्टर हसत आहेत. सपनाही हसत आहे, पण तिचा डोळा काट्यावर आहे. ती शिकली आहे.

बाजू अ भरत आली. रेकॉर्डिंग संपताच कान मोडायचा, हा माझा नियम आहे. या कॅसेटचा मोडणार नाही. बाजू ब कोरी आहे आणि जानेवारीत माहीम विरुद्ध दातिवरे सामना आहे. समालोचन शांताराम करील. धावा मी लिहीन.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, तो मला मान्य आहे, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली आहे.

स्थळ: माडी, माहीम, तालुका व जिल्हा पालघर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

(सही) चंद्रकांता अंकुश चुरी

साक्षीदार १: (सही) डॉ. सुजित, माहीम

साक्षीदार २: (सही) शांताराम गोविंद चुरी, शेजारचे घर. सत्तावीसच होत्या.

टीप: साक्षीदार क्रमांक दोनने सहीपुढे लिहिलेले शेवटचे दोन शब्द मृत्युपत्राचा भाग नाहीत. 'शेजारचे घर' हा पत्ता पुरेसा नाही, तोही मी तसाच ठेवला आहे. येथे पुसायची पद्धत नाही. चं. चु.